खुळे प्रश्न आणि भास्कराचार्य

श्रोतेहो, पृथ्वी जर कशावर टेकलेली नाही, तर ती खाली का पडत नाही? आणि ती गोल असेल, तर तिच्या पलीकडच्या अंगाची माणसे खाली डोके वर पाय करून लोंबकळतात की काय? आमच्या कट्ट्याच्या बाजारात एखाद्या पोराने असले काही विचारले, तर “काय खुळ्यासारखा विचारतस?” म्हणून आपण त्याला वाटेला लावू. शाळेतही पुष्कळदा तेच होते. पाठ संपवायचा असतो, घंटा व्हायची वेळ झालेली असते. पण हेच प्रश्न पावणेनऊशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका थोर पंडिताने ग्रंथात घेतले आणि त्यांचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवला. ते भास्कराचार्य.

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग.

पृथ्वीच्या आधाराचा प्रश्न गोलाध्यायात आहे. आचार्यांचा विचार असा : पृथ्वीला कुणीतरी धरले आहे म्हणावे, तर त्या धरणाऱ्याला कुणी धरले? त्याच्याखाली आणखी एक, त्याच्याखाली आणखी एक. या रांगेला अंत नाही. शेवटचा आपल्याच बळावर उभा आहे असे म्हणून थांबायचे, तर ते बळ पृथ्वीलाच का देऊ नये? पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे. जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, म्हणून ती पडलेली दिसते. सभोवार सारखेच आकाश असताना पृथ्वीने पडायचे तरी कुठे?

पलीकडच्या माणसांचेही तसेच. जो तो पृथ्वी आपल्या पायाखाली आहे असेच समजतो. पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाचे प्रतिबिंब जसे उलटे, तशी ती माणसे आपल्या हिशेबी उलटी. पण आपण इथे जितके निर्धास्त, तितकीच ती तिथे निर्धास्त!

म्हणून न्यूटनचे सगळे शास्त्र आचार्यांना आधीच ठाऊक होते, असे मात्र म्हणू नये. त्यांची पृथ्वी स्थिर होती, आणि अंतर वाढले की ओढ किती कमी होते याचे गणित त्यांनी मांडलेले नाही. ते न्यूटनने १६८७ साली मांडले. गंमत अशी, की न्यूटननेही एक खुळाच प्रश्न विचारला होता : फार उंच डोंगरावरून तोफेचा गोळा अधिकाधिक जोराने सोडत गेलो, तर काय होईल? उत्तर निघाले, की पुरेसा वेग मिळाला तर गोळा जमिनीला न लागता पृथ्वीभोवती फिरत राहील. १९७९ साली आपल्या देशाचा ‘भास्कर’ नावाचा उपग्रह आकाशात गेला, तो याच हिशेबाने फिरला.

आता पोटापाण्याकडे वळू. लीलावतीत एक घाईत असलेला वाटसरू आहे. तो वाण्याला म्हणतो, एका द्रम्माला साडेतीन मापे तांदूळ आणि आठ मापे मूग असा भाव आहे. या तेरा काकिणी घे, दोन भाग तांदूळ नि एक भाग मूग दे. लवकर दे, चटकन जेवून निघायचे आहे. सोबतची मंडळी पुढे जातील! चौसष्ट काकिणींचा एक द्रम्म. हिशेब केला तर तांदूळ सात-बारांश माप आणि मूग सात-चोविसांश माप मिळतात. एस. टी. सुटायच्या आत वडापाव घेणाऱ्या माणसाला हा वाटसरू परका वाटू नये.

दुसरे उदाहरण तळ्याचे. कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे. वाऱ्याने ती कलली आणि दोन हातांवर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? उत्तर, पावणेचार हात. आमच्याकडे धामापूरचे तळे १५३० सालापासून आहे. अशा तळ्याच्या काठी बसून, पाण्यात पाय न घालता, खोली काढायची ही युक्ती मुलांना शिकवून पाहावी.

हे ज्ञान टिकले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांपुढे आणला. आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असे त्यात आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे ‘पृथ्वी कुठे पडेल’ या प्रश्नाचा अभ्यास चालावा, म्हणून बाजारातला पैसा लागत होता.

गुरुजनहो, आज आपल्याला पट्टी द्यायची नाही. फक्त पोराला गप्प बसवण्यापूर्वी घटकाभर थांबायचे आहे. त्याच्या प्रश्नाला “बरे, तसे झाले तर पुढे काय?” एवढे विचारावे, आणि खडू त्याच्याच हाती द्यावा.

जाता जाता लीलावतीतलेच एक उदाहरण देतो. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो जमिनीपासून किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. वेळवाच्या जागी वादळात मोडलेला माड घ्या हवा तर. पण बारा कसे आले, ते मुलांनाच काढू द्या.