फ्लॉपी चकतीवरील इंटरलीव्हिंग

चुंबकीय चकतीच्या वर्तुळाकार मार्गावरील सेक्टर लागोपाठ न घेता मधले काही ठराविक सेक्टर सोडून घेण्याची पद्धत. तिच्यामागील विचार फ्लॉपीहून जुना आहे. १९५४ मध्ये वापरात आलेल्या आयबीएम ६५० या संगणकाची स्मृती फिरत्या चुंबकीय दंडगोलावर असे. एक आदेश पार पडेतो पुढचा आदेश शीर्षाखाली यावा, अशा बेताने त्यावर आदेशांच्या जागा ठरवीत.

फ्लॉपीच्या बाबतीत हीच अडचण लहान संगणकांच्या संथपणामुळे उद्‌भवली. आयबीएमने १९७३ मध्ये ३७४० या यंत्रणेसाठी आणलेल्या ८ इंची चकतीवर ७७ मार्ग, प्रत्येक मार्गावर २६ सेक्टर व प्रत्येक सेक्टरात १२८ बाइट माहिती मावे. चकती मिनिटाला ३६० फेरे घेई. म्हणजे एक सेक्टर शीर्षाखालून जाण्यास सु. ६·४ मिलिसेकंद लागत. वाचलेल्या माहितीची व्यवस्था लावून संगणक पुढील सेक्टर मागेपर्यंत तो निघून गेलेला असे व त्यासाठी पूर्ण फेरा थांबावे लागे. अशा रीतीने एका मार्गास सु. २६ फेरे, म्हणजे चार सेकंदांहून अधिक काळ लागे.

गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या कार्यप्रणालीत या चकतीसाठी ६ चे अंतर प्रमाण मानले गेले. १, ७, १३, १९, २५, ५, ११ अशा क्रमाने सेक्टर घेतले जात. ६ व २६ या दोन्ही संख्या सम असल्याने तीन फेऱ्यांत केवळ विषम सेक्टर संपतात. म्हणून २१ नंतर पुन्हा १ न घेता क्रम एका घराने सरकवून २ पासून सम सेक्टर घेत. सहा फेऱ्यांत, म्हणजे सु. एका सेकंदात, मार्ग पुरा होई. एक घर जास्त सोडल्यास संपूर्ण मार्गामागे एकच फेरा वाढे. एक घर कमी पडल्यास मात्र प्रत्येक सेक्टरामागे एक फेरा वाढे. त्यामुळे अंतर सढळ हाताने ठेवणेच शहाणपणाचे होते.

आयबीएमच्या १९८३ च्या पीसी एक्सटीमधील स्थिर चकतीवरही ६ चेच अंतर असे. पुढे संपूर्ण मार्ग एकदम साठविणारी स्मृती नियंत्रकातच आल्यावर ही पद्धत मागे पडली.

सीपी/एममध्ये, तसेच ॲपल २ संगणकाच्या डॉस ३·३ (१९८०) मध्ये, सेक्टरांचा हा क्रम चकतीवर नसून कार्यप्रणालीतील कोष्टकात असे. जुन्या चकत्या जतन करणाऱ्यांना ही गोष्ट फार जाचते. कोष्टक हाती नसेल, तर सर्व सेक्टर बिनचूक वाचूनही तुकडे विस्कटलेलेच मिळतात. मजकूर असल्यास तुटलेली वाक्ये जुळवून क्रम शोधता येतो. नुसते आकडे असल्यास ते काम अतिशय कठीण होते.