दिवाणखान्यातील ध्वनिमुद्रण
बंगळुरात आज एखादी गायिका आपल्या दिवाणखान्यात बसून स्वतःचे गायन चित्रासह मुद्रित करते, ही सोय कितीही नवी भासली तरी तिचा पूर्वेतिहास शतकाहून जुना आहे; कारण नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग याने कलकत्त्यात गायिका गौहरजानचे गाणे टिपले, तेव्हाही हॉटेलच्या खोलीलाच स्टुडिओचे रूप दिलेले होते. विद्युत्-ध्वनिग्राहक प्रचारात येण्यास १९२५ साल उजाडले. तोवर गायकाने मुद्रणयंत्राच्या कर्ण्याजवळ तोंड नेऊन चढ्या आवाजात गावे, सुमारे तीन मिनिटांत रागाचे सार सांगावे, आणि सुरुवातीच्या वर्षांत मेणावरील ते मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हरला रवाना व्हावे, असा दस्तूर होता.

हीच गौहरजान १९३० साली म्हैसुरात निवर्तली. त्या काळच्या तबकड्यांचे संगणकीय जतन बंगळूरचे इतिहासकार विक्रम संपत यांनी हाती घेतले, ही मला फार मोलाची सेवा वाटते.

पुढे फितीचे यंत्र रसिकांच्या घरी आले आणि वेळेचे बंधन सैल झाले. खोलीचा गुणधर्म मात्र तसाच राहिला. उघड्या, समांतर भिंतींवरून परतणारा नाद स्वराची कड बोथट करतो. म्हणून जाड पडदे, सतरंज्या आणि पुस्तकांनी भरलेली कपाटे यांची मातब्बरी महागड्या यंत्राहून अधिक. आज घरी फोनवर मुद्रण करतानाही ध्वनिग्राहक गळ्याजवळ असावा, तंबोऱ्यासाठी शक्यतो निराळा ठेवावा, आणि फोनमधील आवाजाची पातळी आपोआप समतल करणारी योजना बंद करावी, नाहीतर मींडेतील हळुवार उतार नाहीसा होतो.