सेफोरिसच्या वाटेवर

गरम कपडे राहू द्या. आपण लडाखला जात नाही. इसवी सन 10 मध्ये हेमिसला पोहोचलात तर तिथे मठच दिसणार नाही; तो उभा राहायला अजून सोळाशे वर्षं आहेत. तिथल्या पोथ्यांत 'ईसा'च्या, म्हणजे येशूच्या, भारतप्रवासाची हकीकत आहे, असं निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाने 1894 साली छापलं. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस तिथे गेले, तेव्हा अशी पोथी नाहीच असं मुख्य लामांनी सांगितलं.

समुद्राची वाट मात्र खरी होती. तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरातून 120 जहाजं हिंदुस्थानकडे सुटत, असं ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्द्यांना आपलं सोपारा आणि कल्याणही ठाऊक होतं. तेव्हा येशू भारतात आला असेल ही कल्पना अशक्य नाही. पण बाराव्या वर्षी यरुशलेमच्या मंदिरात दिसलेला मुलगा लूकच्या शुभवर्तमानात पुन्हा थेट तिशीच्या सुमारास पुढे येतो, आणि मधली वर्षं शोधायला मला इतकं दूर जावंसं वाटत नाही.

नासरेथला उतरा. पहाट आहे. चुनखडीच्या उतारावर काहीशे माणसांचं गाव. 'येशूआ' अशी हाक मारलीत तर तीन-चार पोरं मागे वळतील, इतकं हे नाव सर्रास. त्यातला पंधरा-सोळा वर्षांचा एक वडिलांबरोबर निघालाय, खांद्यावर हत्यारांची पिशवी. घरचा धंदा लाकडाचा आणि बांधकामाचा. त्यांच्या मागोमाग चला; तास-दीड तासाची वाट आहे. मध्ये रेना गावापाशी दगडी भांड्यांचा कारखाना लागतो. पांढरी धूळ तुमच्या भुवयांवर बसते. दगडाला विटाळ होत नाही, म्हणून घरोघर या भांड्यांना मागणी.

मग टेकडीवर सेफोरिस. राजा हेरोद मेल्यावर इथे बंड झालं, तेव्हा रोमन सेनापती व्हारसच्या फौजेने शहर जाळलं आणि माणसं गुलाम म्हणून विकली, असं ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो. हा मुलगा तेव्हा तान्हा असेल. आता हेरोदाचा मुलगा अंतिपा तेच शहर राजधानी म्हणून नव्याने बांधतोय. चिरे घडवणाऱ्या म्हाताऱ्यांना जुन्या आळ्यांबद्दल विचारू नका. कोणाची बहीण गेली, कोणाचा भाऊ, ते त्यांना ठाऊक आहे.

शुभवर्तमानांत सेफोरिसचं नावही नाही. तो इथे राबला हा अभ्यासकांचा तर्क आहे, आणि मला तो मनापासून पटतो. पुढे त्याने सांगितलेल्या गोष्टी बघा: खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर, खर्चाचा हिशोब न करता बुरूज बांधायला निघालेला माणूस, दिवस कलेपर्यंत बाजारात कामाची वाट बघत उभे असलेले मजूर. हिमालय नाही, हत्ती नाही, मोसमी वारा नाही. जे आहे ते सगळं इथलं, कामावर पाहिलेलं.

ऊन चढलंय. नाक्यावरचे बरेच मजूर अजून तसेच उभे आहेत. मुकादम बोटाने माणसं निवडतो, दोघांना घेतो, पाच जणांना मागे लोटतो. मुलगा तासणी थांबवून बघत राहतो. बाप ओरडतो. तो भानावर येऊन तुळईच्या एका टोकाशी वाकतो आणि तुम्हाला मानेने खुणावतो: दुसरं टोक धरा, एकट्याने उचलायची नाही ही.