‘योआ’चे पाच हिवाळे

ज्येष्ठ महिना लागला की आपल्या उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील होड्या पाण्याबाहेर ओढल्या जातात. वाळूवर ओंडके टाकून, माणसांच्या खांद्यांचा जोर लावून त्या वर घेतात, झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्या तिथेच विसावतात. काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयातील एका तरुण नाखव्याने नेमकी वैशाखाच्या अखेरीस एक जुनी होडी विकत घेतली. हंगाम संपताना होडी स्वस्तात मिळते, हा त्यामागचा हिशेब. पैसे मात्र कर्जाऊ होते. त्या पावसाळ्यात तो रोज संध्याकाळी होडीपाशी जाऊन उभा राही. ‘‘फादर, पैसे दिले, होडी आपली झाली, समुद्र काही अजून आपला झाला नाही,’’ असे तो मला एकदा म्हणाला.

त्याचे ते बोलणे ऐकताना मला इतिहासातील एका दुसऱ्या जुन्या होडीचे स्मरण झाले. तिच्या धन्यालाही असेच थांबावे लागले होते. त्याची वाट अडवणारा ऋतू पावसाळा नव्हता. तो होता उत्तर ध्रुवाकडील हिवाळा. आणि त्याचे थांबणे एका हंगामापुरते नव्हते. त्याला पाच हिवाळे काढावे लागले.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर हार्डांगर नावाचा प्रदेश आहे. तेथील रोझेन्डाल या गावी १८७२ साली एक मासेमारीचे गलबत बांधण्यात आले. लांबी सुमारे ७० फूट, रुंदी २० फूट, वजन ४७ टन. मालकाने आपल्या पत्नीच्या नावावरून त्याचे नाव ‘योआ’ ठेवले. हेरिंग मासळीच्या मागे आणि पुढे उत्तरेकडील सीलच्या शिकारीसाठी ही ‘योआ’ जवळजवळ तीन दशके राबली. ज्या वर्षी ती पाण्यात उतरली त्याच वर्षी नॉर्वेमध्ये रोआल्ड अमुंडसेन हा जन्मास आला. १९०१ सालच्या मार्च महिन्यात या दोघांची गाठ पडली. अमुंडसेनने ती जुनी, अनुभवी ‘योआ’ विकत घेतली. नवे जहाज बांधून घेण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता, हे त्याचे एक साधे कारण.

या होडीतून त्याला जावयाचे होते ते वायव्य मार्गाने. अटलांटिक महासागरातून कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ बेटांमधून वाट काढीत पॅसिफिक महासागरात उतरायचे, हे युरोपातील दर्यावर्दींचे सुमारे चारशे वर्षांचे स्वप्न होते. त्यापायी अनेक जहाजे बुडाली. सर्वांत मोठा घात झाला तो ब्रिटिश आरमारातील सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेचा. १८४५ साली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन भक्कम जहाजे घेऊन ते निघाले. पहिला हिवाळा बीची बेटावर गेला. तेथे तीन खलाशांच्या कबरी झाल्या. त्यानंतर किंग विल्यम बेटाजवळ बर्फाने जहाजांना जे धरले ते सोडलेच नाही. जून १८४७ मध्ये फ्रँकलिन वारले. एप्रिल १८४८ मध्ये उरलेल्या १०५ माणसांनी जहाजे सोडून दक्षिणेची वाट धरली आणि त्यांपैकी एकही परतला नाही. मोहिमेत एकूण १२९ माणसे दगावली. त्या जहाजांचे सांगाडे समुद्रतळाशी सापडले ते थेट २०१४ आणि २०१६ साली.

फ्रँकलिन यांच्या हालअपेष्टांच्या कथा वाचूनच अमुंडसेनला बालपणी ध्रुवप्रदेशाची ओढ लागली होती. मोठी जहाजे आणि पुष्कळ माणसे हे तेथे सामर्थ्य नसून ओझे ठरते, असे अनुमान त्याने काढले. त्या ओसाड भूमीवर शिकार करून जगायचे तर माणसे थोडीच हवीत, आणि उथळ सामुद्रधुन्यांतून जायचे तर होडीचा तळही पाण्यात फार खोल जाणारा नको. ‘योआ’ लहान होती, हा तिचा दोष त्याने गुण म्हणून मोजला.

परंतु गलबत हाती आले म्हणून अमुंडसेन लगेच निघाला नाही. बर्फातून नौकानयन करण्याचा आपला अनुभव तोकडा आहे, हे तो जाणून होता. एप्रिल १९०१ मध्ये ट्रॉम्सो बंदरातून त्याने ‘योआ’ बाहेर काढली आणि तिचा जुना कप्तान योहान्नेसेन याला सोबत घेऊन पाच महिने बॅरेन्ट्स समुद्रात सीलची शिकार केली. म्हणजे होडीचा नवा धनी पहिल्या हंगामात जुन्या कप्तानाचा शिष्य होऊन राहिला. होडी कोठे कुरकुरते, कोठे कमजोर पडते, हे त्या पाच महिन्यांत उमगले.

सप्टेंबरात ट्रॉम्सोला परतल्यावर पहिला हिवाळा सुरू झाला. ट्रॉम्सो ध्रुववृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य उगवतच नाही. त्या अंधाऱ्या ऋतूत ‘योआ’ची डागडुजी चालली. बर्फाच्या घर्षणाला तोंड देण्यासाठी तिच्या कुशींवर ओकच्या फळ्यांचे जादा कवच चढवण्यात आले, लोखंडी पट्ट्या ठोकल्या गेल्या, आणि आजवर केवळ शिडांवर चाललेल्या या गलबतात १३ अश्वशक्तीचे रॉकेलवर चालणारे छोटे इंजिन बसवण्यात आले. १९०२ च्या वसंतात ती राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, येथे आली. दुसरा हिवाळा गेला तो पैसा उभा करण्यात. आईबापांकडून आलेली पुंजी संपत आली होती. अमुंडसेनला दारोदार हिंडावे लागले. फ्रित्यॉफ नान्सेनसारख्या थोर संशोधकाने त्याची भलावण केली आणि राजे ऑस्कर यांनीही देणगी दिली, तरी देणी उरलीच. त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे की अखेरीस एका धनकोने गलबत जप्त करण्याची धमकी दिली. १६ जून १९०३ च्या मध्यरात्री, भर पावसात, सहा सोबती घेऊन तो बंदरातून निसटला. कर्जाच्या होडीचे दुःख ज्याला ठाऊक आहे त्याला या प्रसंगाची फोड करून सांगण्याची गरज नाही.

पुढचा प्रवास सुखाचा नव्हता. ऑगस्टमध्ये बीची बेटावरील त्या जुन्या कबरी पाहून ते दक्षिणेकडे वळले. इंजिनघरात आग लागली. ती वेळीच विझवली म्हणूनच निभावले. मॅटी बेटाजवळ ‘योआ’ खडकांवर चढली आणि डेकवरचे सामान समुद्रात लोटून ती हलकी करावी लागली. सप्टेंबरमध्ये किंग विल्यम बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांना एक सुरक्षित, लहानसे नैसर्गिक बंदर लाभले. त्याला त्यांनी ‘योआहावन’, म्हणजे योआचे बंदर, असे नाव दिले.

वाचकहो, या मोहिमेच्या इतिहासातील मला सर्वांत विलक्षण वाटणारा क्षण हा आहे. अमुंडसेनच्या स्वतःच्या वृत्तांतानुसार त्या वेळी पश्चिमेकडील सिम्पसन सामुद्रधुनी दृष्टी पोहोचेल तेथवर बर्फमुक्त दिसत होती. चारशे वर्षांचे दार समोर उघडे होते. तरीही त्याने नांगर टाकला. कारण मोहिमेसाठी मदत घेताना त्याने उत्तर चुंबकीय ध्रुवाचा शास्त्रशुद्ध शोध घेण्याचे वचन दिले होते. १८३१ साली जेम्स क्लार्क रॉस यांनी जवळच्याच बुथिया द्वीपकल्पावर तो ध्रुव निश्चित केला होता. तो तेथेच आहे की सरकला, हे पाहावयाचे होते. दिलेला शब्द आधी, कीर्ती नंतर, असा क्रम त्याने लावला. अमुंडसेनच्या पुढील आयुष्यात महत्त्वाकांक्षेने त्याला प्रत्येक वेळी इतके सरळ चालू दिले, असे म्हणता येणार नाही. म्हणूनच हा क्षण नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

तेथे दोन हिवाळे गेले. सामानाच्या पेट्यांपासून त्यांनी निरीक्षणगृह उभारले. लोखंडामुळे चुंबकसूची विचलित होऊ नये म्हणून त्यांना तांब्याचे खिळे वापरले होते. एकोणीस महिने अखंड नोंदी झाल्या. १९०४ च्या वसंतात अमुंडसेन आणि रिस्टवेट हे दोघे घसरगाडीने ध्रुवाच्या शोधात गेले, आणि रॉस यांच्या काळापासून तो जागचा हलला आहे, हे सिद्ध झाले. चुंबकीय ध्रुव स्थिर नसतो या ज्ञानाला यामुळे प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

पण त्या दोन हिवाळ्यांची खरी कमाई निराळीच होती. ऑक्टोबर १९०३ च्या अखेरीस नेट्सिलिक नावाच्या इन्युइट जमातीची माणसे बंदरावर आली. युरोपीय प्रवासी अशा लोकांना बहुधा रानटी समजून दूर ठेवीत. अमुंडसेनने त्यांचे शिष्यत्व पत्करले. तेरायू नावाच्या वृद्धाने त्यांना बर्फाच्या लाद्या कापून घुमटाकार घर बांधण्यास शिकवले. रेनडिअरच्या कातड्याचे कपडे सैल घालावेत, म्हणजे अंगात घाम साचून गोठत नाही; आतल्या कपड्याची लव अंगाकडे असावी आणि बाहेरच्याची बाहेर; घसरगाडीच्या पट्ट्यांवर पाण्याचा थर गोठवला की ती कडाक्याच्या थंडीतही सुरळीत सरकते; अशा कितीतरी गोष्टी गोऱ्या खलाशांनी तेथे आत्मसात केल्या. मोबदल्यात सुया, सुऱ्या आणि लोखंडाचे तुकडे दिले गेले. हा सौदा बरोबरीचा होता काय, असा प्रश्न आज आपण विचारला पाहिजे. डिसेंबर १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर अमुंडसेनचा ध्वज फडकला त्यामागे याच शिकवणीचा मोठा वाटा होता. जगाने मात्र तेरायूचे नाव लक्षात ठेवले नाही. अमुंडसेनने एवढे तरी केले की, तथाकथित सुधारणा या लोकांपर्यंत कधी न पोहोचो, अशी इच्छा आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. ती फळास आली नाही.

येथे फ्रँकलिन यांची आठवण पुन्हा होते. तेही याच बेटाजवळ थांबले होते आणि त्यांच्यापाशी धैर्याची वाण नव्हती. पण ती मोठी मंडळी आपल्या जहाजावरील इंग्लंडातच राहिली. ‘योआ’वरील सात जण किनाऱ्यावर उतरले, ताजे मांस खाल्ले, शेजाऱ्यांचे ऐकले. ताज्या मांसाने स्कर्व्ही टळते, हा धडा अमुंडसेनने १८९८ साली ‘बेल्जिका’ जहाजावर, अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या दीर्घ हिवाळ्यात, डॉक्टर फ्रेडरिक कुक यांच्याकडून घेतला होता.

१३ ऑगस्ट १९०५ रोजी ‘योआ’ने अखेर नांगर उचलला. सामुद्रधुनी इतकी उथळ की काही ठिकाणी तळाखाली जेमतेम बोटभर पाणी उरे. त्या दिवसांत अमुंडसेनला अन्न गिळवेना, झोप येईना. २६ ऑगस्टला पश्चिमेकडून येणारे एक जहाज दृष्टीस पडले. ते सॅन फ्रान्सिस्कोचे ‘चार्ल्स हॅन्सन’ हे देवमाशांची शिकार करणारे जहाज होते. मार्ग सापडला होता. योआहावनपासून येथवर पोहोचण्यास तेरा दिवस लागले. त्या तेरा दिवसांच्या पाठीशी चार हिवाळे होते.

आणि पाचवा अजून बाकी होता. थोड्याच दिवसांत किंग पॉइंट येथे बर्फाने गलबताला पुन्हा वेढले. अमुंडसेन सुमारे ८०० किलोमीटर हिमप्रदेश तुडवून अलास्कातील ईगल या ठाण्यावर गेला आणि डिसेंबर १९०५ मध्ये तारेने जगाला वार्ता दिली. मार्च १९०६ मध्ये तो गलबतावर परतला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचा एक सोबती गुस्ताव युल विक हा आजाराने मरण पावला. योआहावनच्या निरीक्षणगृहात एकोणीस महिने चुंबकीय नोंदींची धुरा ज्याने वाहिली तो हाच तरुण. मार्ग पार झाला होता, घर दिसू लागले होते, आणि तेवढ्यात तो गेला. सोबत्यांनी त्याला त्या किनाऱ्यावरच मातीत ठेवले. इतक्या उशिरा आलेल्या त्या मृत्यूचे ओझे उरलेल्या सहा जणांनी कसे वाहिले असेल, याची कल्पना प्रेतयात्रेमागून चालण्याचा ज्याला सराव आहे तो करू शकतो. प्रतीक्षा सत्कारणी लागली तरी ती फुकट मिळत नाही, हे या कबरीपाशी उमजते.

जुलैमध्ये बर्फ फुटले. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी ‘योआ’ नोम बंदरात पोहोचली आणि ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला. दरम्यान नॉर्वे देश १९०५ साली स्वीडनपासून वेगळा झाला होता. निघताना ज्याच्यामागे धनको लागले होते तो परतला राष्ट्रवीर होऊन. ‘योआ’ मात्र सॅन फ्रान्सिस्कोतच राहिली आणि १९०९ पासून तेथील गोल्डन गेट उद्यानात उभी होती. १९७२ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ती मायदेशी परतली. आज ती ओस्लोच्या बिगडॉय भागातील ‘फ्राम’ संग्रहालयात पाहावयास मिळते. योआहावन येथे इन्युइट लोकांची वस्ती आहे. ते आपल्या गावाला उक्सुक्तूक, म्हणजे विपुल चरबीची जागा, असे म्हणतात.

माझ्या त्या तरुण नाखव्याला मी ही सारी हकिकत एका पावसाळी संध्याकाळी सांगितली. तो मन लावून ऐकत होता. वायव्य मार्गाविषयी त्याने काही विचारले नाही. ‘‘त्या जुन्या कप्तानाला त्याने बरोबर घेतले, हे बरे केले,’’ एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो होडी विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी गेला आणि त्याला किनाऱ्यावर घेऊन आला. दोघे मिळून ताडपत्रीखाली वाकून फळ्यांवर बोटांनी ठोकत, एकेक जोड तपासत होते. पाऊस पडत होता आणि नारळी पौर्णिमेला अजून पाच आठवडे होते.