हिजाब इम्तियाज अली आणि विमानाचं सुकाणू

महिला दिन जवळ आला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक नाव फिरू लागतं: हिजाब इम्तियाज अली. १९३६ साली विमान चालवण्याचा परवाना मिळवणारी, ब्रिटिश साम्राज्यातली पहिली मुस्लिम महिला वैमानिक अशी त्यांची ओळख दिली जाते. आपण माशाअल्लाह लिहितो आणि पुढे पाठवतो.

मी वर्गात त्यांची ओळख उर्दू लेखिका म्हणून करून देते. १९०८ सालचा जन्म, हैदराबाद दख्खनचा. आई अब्बासी बेगम स्वतः लेखिका, तर पती इम्तियाज अली ताज म्हणजे ‘अनारकली’ नाटकाचे लेखक. हिजाब यांच्या कथा रोमानी, स्वप्नाळू. हे सांगून झालं, तेव्हा एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग यांनी विमान चालवलं कसं?” तिला आश्चर्य वाटलं होतं. पण ‘कसं’ हा प्रश्न मला खरा वाटला.

तेव्हा हिंदुस्थानातल्या फ्लाइंग क्लबांत शिकवणीचं विमान म्हणजे मॉथ. त्याच १९३६ साली लाहोरात सरला ठकराल यांनी साडी नेसून एकटीने उडवलं, तेही जिप्सी मॉथच. दोन पंखांच्या जोड्या, उघड्या दोन बैठका, पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली जमिनीवर घासत जाणारी एक पट्टी. चाकांना ब्रेक नाहीत.

असं विमान उतरवणं अवघड, कारण त्याचं वजन पुढच्या चाकांच्या मागे असतं. हातगाडी ओढत नेली तर ती निमूट मागे येते. मागून ढकलली आणि जरा वाकडी झाली, तर आणखी वाकडी होत जाते. तसंच इथे. नाक किंचित वळलं की शेपूट पुढे यायला बघते. वेळीच सावरलं नाही तर विमान जागच्या जागी गरकन फिरतं आणि पंख जमिनीला लागतो. याला वैमानिक ग्राउंड लूप म्हणतात.

सावरायचं ते पायांनी. पायाशी आडवा दांडा, त्याला जोडलेलं शेपटीचं सुकाणू. नाक डावीकडे गेलं तर उजवा पाय दाबायचा आणि लगेच सैल सोडायचा. दाबून धरला तर विमान उलट बाजूला पळतं. वेग कमी होतो तशी सुकाणूवरची हवाही कमी होते, म्हणून शेवटी पाय जास्त हलवावे लागतात. त्यात जमिनीवर नाक वर असल्याने समोरचं दिसत नाही, बाजूच्या गवताकडे बघून दिशा ओळखायची. चाकं टेकली म्हणजे काम संपलं असं समजणारा शागीर्द इथेच फसतो. विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय जागे हवेत.

मॉथमध्ये शागीर्द मागे बसे आणि उस्ताद पुढे. दोघांना वेगवेगळे दांडे, बोलायला मध्ये एक नळी. ही नळी आली गॉस्पोर्टच्या शाळेतून. तिथे १९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी शिकवण्याची रीतच बदलली. शागीर्दाला धोक्यापासून लांब ठेवू नका, उस्ताद सोबत असताना त्याला अडचणीत जाऊ द्या आणि त्यालाच बाहेर येऊ द्या, हे त्या रीतीचं सार.

बी.एड.ला मी शिक्षणाचे बरेच सिद्धांत पाठ केले, पण हा मला सगळ्यांत कठीण वाटतो. कारण उस्तादाचे पाय दांड्यावरच राहिले तर विमान सरळ धावतं, शागीर्द मात्र काही शिकत नाही. आणि पाय फार लवकर काढले तर दोघंही आपटतात.

आपल्या घरांत मुलींच्या बाबतीत काय होतं? बँकेचा फॉर्म भाऊ भरतो, कॉलेज अब्बा ठरवतात, प्रवासाला कुणीतरी सोबत जातं. सगळं प्रेमापोटी. मग मुलगी चाचरली की आपणच म्हणतो, हिला काही जमत नाही. आम्ही शिक्षकही फळ्यावर उत्तर लिहून मोकळे होतो.

हिजाब पहिल्या होत्या, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण परवाना मिळायचा तर उस्तादाविना, एकटीने विमान उतरवावं लागतं. त्या वेळी पुढची बैठक रिकामी असते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला उत्तर दिलं, “पायांनी.” वर्ग हसला. मग मी फळ्यावर विमान काढलं आणि खडू तिच्या हातात दिला.