उपभोग आणि स्वातंत्र्य

ग्राहक हा बाजारपेठेचा राजा आहे, असे आपण नेहमी ऐकतो. हवी ती वस्तू हवी तेव्हा घेता येणे म्हणजेच व्यक्तिस्वातंत्र्य, अशी समजूत आज दृढ झालेली आहे. आपल्या देशातील कापडाचा इतिहास मात्र याहून निराळी साक्ष देतो.

सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी यांनी 1872 साली पुण्यात स्वदेशीचे व्रत घेतले. 1877 च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेषात उपस्थित राहिले. मँचेस्टरचे कापड त्या काळी तलम आणि स्वस्त होते. नफ्यातोट्याच्या हिशेबाने तेच घेणे शहाणपणाचे ठरले असते. तरीही पुढे 1905 च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात आणि 31 जुलै 1921 रोजी मुंबईत परळ येथे विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवी रस्त्यावर विलायती माल नेणाऱ्या लॉरीपुढे बाबू गेनू हा तरुण गिरणी कामगार उभा ठाकला आणि तिच्याखाली चिरडला गेला. या सर्वांच्या लेखी नाकारण्याची शक्ती हेच स्वातंत्र्य होते.

त्याच सुमारास अमेरिकेत या शब्दाला वेगळेच वळण मिळत होते. एका तंबाखू कंपनीसाठी काम करणाऱ्या एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाने 1929 च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत तरुणींना भर रस्त्यात सिगारेट ओढावयास लावले आणि त्या सिगारेटींना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे नाव दिले. स्त्रियांची समतेची आकांक्षा खरी होती. कंपनीला मात्र खप वाढवावयाचा होता. स्वातंत्र्य हीच विक्रीची वस्तू झाली.

1991 च्या आर्थिक धोरणानंतर ही रीत आपल्याकडेही झपाट्याने रुजली. पूर्वी लग्नसराई आणि दिवाळी हे कापडाचे मोठे हंगाम असत. आता वर्षभर सेल असतात आणि खिशात पैसे नसले तरी हप्त्यांची सोय असते. आम्हा व्यापाऱ्यांचा प्रपंच विक्रीवरच चालतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कपाट भरलेले असताना केवळ सूट मिळते म्हणून घेतलेल्या कपड्याची निवड खरोखर कोणी केली, ग्राहकाने की जाहिरातीने, हा प्रश्न उरतोच.

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त भोगोपभोगपरिमाण व्रत सांगितले आहे. एकदा वापरून संपतो तो भोग, पुन्हा पुन्हा वापरला जातो तो उपभोग. अन्न पहिल्यात येते, वस्त्र दुसऱ्यात. गृहस्थाने या दोहोंची मर्यादा स्वतः आखावयाची असते, ठराविक मुदतीपुरती अथवा आजन्म. यात वस्तूंचा तिरस्कार नाही. किती पुरे, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याच हाती ठेवणे, एवढेच त्यात आहे.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच ज्याची गरज ठरलेली असते, तो ग्राहक खरा राजा होय. नव्या पिढीला हा वारसा वस्त्रांच्या गाठोड्यापेक्षा अधिक काळ पुरेल.