प्रस्तावना कोणाची?

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका छापखान्यात बसले होते. मुक्ता साळवेच्या निबंधाचा मी केलेला हिंदी अनुवाद सोळा पानी पुस्तिका म्हणून छापायचा होता. मजकूर पाहून मालकांनी विचारलं, "मॅडमजी, भूमिका किसकी है? कोई बड़ा नाम हो तो अच्छा रहेगा." प्रश्न व्यवहाराचा होता, पण फार जुना.

फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मचरित्र १८४५ साली बॉस्टनमध्ये निघालं. गुलामीतून पळालेल्या माणसाने ते स्वतः लिहिलंय, हे पुस्तकाच्या नावातच सांगावं लागलं. शिवाय आरंभी गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचं पत्र: दोन गोऱ्या गुलामगिरीविरोधकांची ग्वाही. पुढे १८५५मध्ये डग्लस यांनी आपली कहाणी विस्ताराने पुन्हा लिहिली. या वेळी प्रस्तावना होती जेम्स मकून स्मिथ यांची. हे कृष्णवर्णीय डॉक्टर स्वतः गुलामीत जन्मलेले.

त्याच १८५५ साली, फेब्रुवारी-मार्चमध्ये, अमेरिकन मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'ने फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ताचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन अंकांत छापला. तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरलेली माणसं, छपराविना बाळंत होणाऱ्या बाया, हे ती दुरून सांगत नाही. आपल्याच लोकांचं म्हणून सांगते. वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता, असं थेट देवाला विचारते. अमेरिकेतल्या गुलामांसारखा मांग-महारांचा लिलाव होत नव्हता. दोन दुःखं एक नव्हेत. पण भोगणाऱ्यानेच साक्ष द्यायची, ही रीत एकच.

१८७३मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. गुलामांना सोडवण्यासाठी झटलेल्यांचा तिथे गौरव आहे. सुटून लिहिणाऱ्यांचा वेगळा उल्लेख नाही. स्वतःची साक्ष स्वतः लिहिणारी मुलगी मात्र त्यांच्याच शाळेत घडली होती, अठरा वर्षं आधी.

अनुवाद करताना मलाही मोह झाला होता: तिचा राग थोडा सौम्य करावा, तळटीपांमधून तिची वकिली करावी. मग वाटलं, ही माझी प्रस्तावनाच झाली की! टीपा काढून टाकल्या.

मालकांना म्हटलं, "भूमिका नको."

"फिर दो पेज खाली रहेंगे, जी."

"मग निबंधच मोठ्या टायपात लावा."